शफीभाईंची जीभ

शफीभाईंचं गॅरेज आकुर्डीत, माझ्या सीटकव्हरच्या दुकानाला लागून. मधली भिंत पत्र्याची, त्यामुळे त्यांचं सगळं बोलणं मला फुकटात ऐकायला मिळतं. बॉनेट उघडलं की या माणसाचं तोंड उघडलंच. चाकणच्या ट्रॅफिकपासून गिऱ्हाइकाच्या व्याह्यापर्यंत काही सुटत नाही. वैतागून मी कितीदा तरी पत्रा बडवलाय. पण मध्यंतरी काही आठवडे पलीकडून आवाजच येईना आणि खरं सांगतो, मला करमेना.

कारण होतं दात. उरलेसुरले दात काढून शफीभाईंनी कवळी बसवली होती. दुसऱ्या कुणाचं यात काही बिघडलं नसतं, पण यांची निम्मी विद्या तोंडात. डिझेल गाडीत टर्बोला जोडलेला एक छोटा व्हॉल्व्ह असतो. इंजिनाचा पंप हवा ओढतो, आणि त्यातली किती ओढ टर्बोला द्यायची ते हा व्हॉल्व्ह ठरवतो. तो बिघडला की गाडी चढाला मान टाकते. इतर मेकॅनिक लगेच कॉम्प्युटर जोडतात. शफीभाई नळी काढायचे, फडक्याला पुसायचे आणि जिभेला लावायचे. "पंप चांगलाय. व्हॉल्व्ह गेलाय," की झालं. त्यांची मुलगी अलमास चाकणला एका कंपनीत टेस्टिंगला आहे. तिने ओढ तपासायचा हातपंप आणून दिला होता, वर काट्याची तबकडी असलेला. तो खोक्यातून बाहेरसुद्धा निघाला नव्हता. जीभ असताना काटा कशाला, हा यांचा तोरा!

कवळी आली आणि तोरा गेला. नळी ओठांत नीट धरता येईना. कवळी काढावी तर ओठच आत जायचे. "जिभेला सगळं सारखंच लागतंय राव," एकदा हळूच म्हणाले, आणि नंतर बोलणंच कमी केलं.

दुपारी त्यांचा डबा घेऊन खातूनभाभी येतात. त्या एकदा मुद्दाम माझ्या दुकानात डोकावल्या. "भाऊ, आधी रोज कालवणात खोड काढायचे. आता काहीही वाढा, 'चांगलं आहे' म्हणतात. मला भीतीच वाटायला लागलीय." मला हसू आलं होतं, पण त्यांचा चेहरा बघून ते गिळलं.

अशात रावेतचे बबनराव त्यांची जुनी डिझेल गाडी घेऊन परत आले. याच गाडीला थोड्या दिवसांपूर्वी शफीभाईंनी नवा व्हॉल्व्ह बसवला होता. जीभ लावून, पण चाचरतच.

"शफीभाई, चार दिवस झकास पळाली. आता राजगुरुनगरच्या पुढं घाटात परत बसली."

शफीभाई खाली स्टुलावर टेकले. "चूक माझीच असणार, बबनराव. चांगला व्हॉल्व्ह काढून फेकला मी. एवढी गाडी बघतो. नाही सापडलं, तर दुकान बंद करतो. लोकांच्या गाड्यांवर अंदाजाचे प्रयोग नकोत."

मला संताप आला. वर्षानुवर्षं माझं डोकं खाल्लेला माणूस असा मऊ पडलेला मला बघवेना. मी तरातरा त्यांच्या गॅरेजात शिरलो, अलमासने दिलेलं ते खोकं फोडलं आणि पंप त्यांच्या हातात कोंबला. "जीभ गेली असेल, डोळे आहेत ना?"

माझ्याकडे रागाने बघत त्यांनी टर्बोकडे जाणाऱ्या नळीत तबकडी जोडली. इंजिन सुरू केलं, काटा चढला. इंजिन बंद केलं. आता काटा झटकन खाली यायला हवा होता. तो जागचा हलेना.

"ओढ आत अडकून पडलीय," शफीभाई पुटपुटले. मग त्यांनी व्हॉल्व्हच्या मागे बोट घातलं आणि एक काळी रबरी टोपी उपसून काढली. "ही कुणी लावली?"

"मी," बबनराव छाती काढून म्हणाले. चाकणच्या कारखान्यात पार्ट तपासण्यात त्यांची हयात गेलेली. "रविवारी इंजिन पुसताना बघितलं, तर नव्या व्हॉल्व्हचं एक तोंड उघडं! आमच्या लाइनवर उघड्या तोंडाला टोपी नसली की पार्ट पुढं जायचाच नाही. आत धूळ जाते. म्हटलं, तुमच्याकडून राहिलं असेल. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

"अहो, ते त्याचं श्वास घ्यायचं तोंड! तिथून हवा आत आली तरच ओढ मोडते. तुम्ही नाक दाबलंत त्याचं. ओढ सुटेना, टर्बो जास्तच हवा कोंबतो, मग इंजिन घाबरून स्वतःच जोर कमी करतं!"

आवाज पत्र्यावर आदळला. किती दिवसांनी! बबनराव ओशाळून हसले, गाडी काढून रावेतच्या पुलावर चढवून आले आणि लांबूनच अंगठा दाखवला.

पण शफीभाईंचं लक्ष तिकडे नव्हतं. त्यांनी भंगाराच्या डब्यातून त्या गाडीचा जुना व्हॉल्व्ह शोधून काढला, बॅटरीला जोडून त्यावर हातपंप लावला. काटा चढायचा आणि लगेच घसरायचा. पुन्हा लावला, पुन्हा तेच.

"हा खरंच गेलेला होता," ते म्हणाले. "म्हणजे मी बरोबर सांगितलं होतं."

"मग काय तर," मी म्हणालो.

हातपंप त्यांनी खिळ्याला टांगला, अगदी हाताशी येईल असा. तेवढ्यात खातूनभाभी डबा घेऊन आल्या. हात धुऊन, कवळी नीट बसवून शफीभाईंनी पहिला घास घेतला, चावला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"मीठ जास्त झालंय."

खातूनभाभी बघतच राहिल्या. "उद्यापासून तुम्हीच रांधा मग," त्या फणकारल्या, पदराने डोळे पुसले आणि तेच कालवण त्यांना आणखी वाढलं.