लाल डब्यातलं तेल

ती घटना आजही आठवते, असं लिहून सुरुवात करायची आम्हा निवृत्त पोलिसांची रीत आहे. माझी तक्रार उलटी आहे. ही घटना विसरता आली असती तर बरं झालं असतं.

तेव्हा मी फर्दापूर भागात नेमणुकीला होतो. अजिंठ्याच्या घाटात एक जीप कड्यावर आदळली. जीप चालवणारा शहरातल्या मुकुंदवाडीचा तरुण, लेण्यांच्या पर्यटकांची ने-आण करणारा. त्या दिवशी तो बायकोला फर्दापुरात तिच्या मावशीकडं सोडायला निघाला होता. ती जागीच गेली, याला नुसतं खरचटलं. मुलीच्या बापानं फिर्याद दिली की जावयानं मुद्दाम मारली. खुनाचा गुन्हा दाखल झाला आणि पोरगा कोठडीत आला.

तो एकच वाक्य बोलायचा. "साहेब, ब्रेक लागलाच नाय हो."

सासरा रोज ठाण्यात यायचा आणि टेबलावर मूठ आपटायचा. "ब्रेक कसा लागत नाय? गाडीत पोरगी बसते म्हणून ब्रेकचं तेल कुठून घ्यायचं ते मीच सांगितलं होतं. खोटारडा हाय तो. फासावर चढवा त्याला!" माणूस पुंडलिकनगरचा, गाड्यांच्या तेलाचा किरकोळ धंदा करणारा. आणि सासू? ती नवऱ्याच्या चोरून, फर्दापुरातल्या बहिणीच्या घरून जावयासाठी जेवणाचा डबा आणायची. "त्यानं नाय मारलं, साहेब. लई जीव होता त्याचा तिच्यावर," एवढंच म्हणायची.

मी मोटार वाहन निरीक्षकांना बोलावलं. त्यांनी जीपमधलं ब्रेक ऑइल काढून पाण्याच्या ग्लासात ओतलं. खरं असतं तर ते पाण्यात मिसळलं असतं. हे लालभडक, वर तरंगत राहिलं. कुणीतरी साध्या मशीनच्या तेलात रंग कालवून ते ब्रेक ऑइल म्हणून विकलं होतं. असल्या तेलानं ब्रेकमधली रबरं फुगतात आणि मग पाय कितीही दाबा, गाडी थांबत नाही.

तो रंगही निरीक्षकांनीच समजावला. प्लास्टिकात, मेणबत्तीत, बुटाच्या पॉलिशमध्ये, पेनाच्या शाईत घालतात तो हा. पाण्यात विरघळत नाही, तेलात आणि थिनरमध्ये विरघळतो. कंपन्या तो तेलात घालतात ते फक्त ओळखीसाठी. गळती झाली तर दिसावी आणि एक तेल दुसऱ्या जागी पडू नये म्हणून. रंगानं तेलाचा गुण काडीचाही वाढत नाही. पण आपल्याकडं गिऱ्हाईक डब्याचं झाकण उघडून रंगच बघतं. लाल दिसलं की म्हणतं, असली माल!

जीपमधल्या तेलाचा डबा शहरातल्या एका नावाजलेल्या दुकानातला निघाला. दुकानदार म्हणाला, एजंट स्वस्तात देतो. एजंट म्हणाला, बनवणारा मला ठाऊक नाही. पोलिसाला असली उत्तरं पाठ असतात. शेवटी एका जुन्या खबऱ्याचा फोन आला. मुकुंदवाडी स्टेशनामागच्या एका शेडमध्ये तेलात रंग कालवतात. "नाव ठाऊक नाय साहेब, पण त्याची नखं बघा. बारा महिने रंगपंचमी खेळल्यावानी."

फोन ठेवला तेव्हा माझे हवालदार समोरच उभे होते. फर्दापूरचेच, जुने, माणसं वाचण्यात माझे गुरू. त्यांना नखांचं सांगितलं तर त्यांचा चेहरा पडला. हळूच म्हणाले, "साब, वो रोज टेबल पे मुठ्ठी मारते ना... उनके नाखूनां देखे क्या?"

सासरा आला तेव्हा मी आधी त्याची नखं पाहिली, लाल होती.

सासऱ्याला समोर बसवलं. शिवी नाही, दमदाटी नाही. म्हटलं, "तुमचा जावई निर्दोष आहे. ब्रेक ऑइल बनावट होतं." दुसरा कुणी असता तर त्यानं विचारलं असतं, असं कसं झालं? कुणी केलं? यानं विचारलं, "दुकान कोणतं?"

मी नाव सांगितलं.

"नाय," तो म्हणाला. "त्या दुकानात माझा माल जात नाय. म्हणून तर पोराला तिथंच पाठवलं होतं, साहेब. तिथं नाय जात माझा माल." तो ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. त्याच्या एजंटानं ते दुकान नव्यानं धरलं होतं, हे त्याला कळलंच नव्हतं. कबुलीजबाब वेगळा घ्यायची गरजच उरली नाही. नंतर त्यानं साबण मागितला. नळाखाली बराच वेळ हात घासत बसला. पाणी तसंच स्वच्छ वाहत होतं आणि नखं तशीच लाल होती.

जावयाला मी स्वतः सांगितलं. वाटलं, संतापेल. तो म्हणाला, "मामांनीच तर ते दुकान सांगितलं होतं," आणि भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडला. 

लोक विचारतात, या प्रकरणानं काय शिकवलं? डोंबल शिकवलं. जो तो आपल्या घरापुरतं चांगलं दुकान राखून ठेवतो आणि बाकीच्यांच्या घाटाची फिकीर करत नाही, एवढं कळलं. ते कळूनही काही उपयोग नाही. एजंट जामिनावर आहे. दुकान चालू आहे. परवा तिथून गेलो, काचेमागं लाल डबे रचलेले होते.

अटकेच्या दिवशी दुपारी सासू नेहमीसारखी डबा घेऊन आली होती. मी तिला बाकावर बसवून सगळं सांगितलं. एका खोलीत सुटलेला जावई होता, दुसरीत अटक झालेला नवरा. हवालदारांनी डब्यासाठी हात पुढं केला. तिनं डबा पदराखाली घेतला.

"आज कुणालाच नाय," म्हणाली, आणि पायऱ्या उतरून गेली.