ओट्यावरचा शिवणवर्ग

कुसुमताई गेल्याचं मला लोणावळ्याच्या बाजारात, भाजी घेताना कळलं. त्यांच्या शेजारणीनं सांगितलं आणि ती पुढे निघून गेली. मी मात्र धुक्यात कितीतरी वेळ तशीच उभी होते... त्याला आता महिना होईल.

ताई आमच्या वाडीत पहिल्यांदा आल्या तेव्हा मी आठेक वर्षांची असेन. टाकव्याच्या पुढे, डोंगराच्या कुशीत आमची पंधरा-वीस घरं. ताई विकास गटाच्या ग्रामसेविका. बायकांना शिवण शिकवायला सरकारनं त्यांना पाठवलेलं. माझे वडील आईला मारत, मी मधे पडले की मलाही. वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नसे. ताईंनी आईच्या मनगटावरचा वळ पाहिला, विचारलं काहीच नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शिवणयंत्र आणि सात-आठ बायका घेऊन त्या आमच्या ओट्यावर हजर झाल्या.

"बाई, हितं नगा," आई कुजबुजली. "ते आलं की लय चिडत्याल."

"म्हणून तर इथं," ताई म्हणाल्या.

वडील रानातून आले. "कुणाला इचारून बसला हितं?"

ताईंनी कापडावरची मान वर केली. "सरकारी वर्ग आहे, भाऊ. रोज भरेल. तुम्ही आत जेवून घ्या."

बायका खाली मान घालून टाके घालत राहिल्या, पण एकही उठली नाही. वडील आत गेले...

ते वर्ष मला स्वप्नासारखं आठवतं. यंत्राची लय, भातखाचरांतले बेडूक, कुणाच्या तरी मांडीवर लागलेली माझी झोप. वडील बदलले असं मी म्हणणार नाही. रविवारी वर्ग नसे, आणि रविवार मला अजून आवडत नाही. रविवारी घरात काय होतं हे कळल्यावर ताई त्या दिवशीही येऊ लागल्या, कधी विसरलेली कात्री न्यायला, कधी नुसत्याच.

एकदा साहेब तपासणीला आले. वर्ग वर्षभर एकाच घरी का, असं त्यांनी विचारलं. "इथं उजेड चांगला आहे," ताई म्हणाल्या. आमच्या ओट्यावर चार वाजताच अंधारून येई. साहेबांनी ओट्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि वहीवर सही केली.

पुढे टाकव्यात बालवाडी निघाली तेव्हा ताईंनी आईचं नाव पाठवलं. आईला काम मिळालं आणि आम्ही दोघी तिथंच खोली घेऊन राहिलो. वडील एकदा न्यायला आले. आई दारातच उभी राहून म्हणाली, "म्या न्हाई येनार." ते आल्या वाटेनं परत गेले.

ताईंच्या मागे कुणी नव्हतं, म्हणून परवा त्यांची लोणावळ्यातली खोली आवरायला मीच गेले. खाटेखाली दोन जादा गोधड्या घडी करून ठेवलेल्या होत्या, एक मोठी, एक लहान मुलाच्या मापाची. मी त्या उन्हात घालत होते, तेवढ्यात पायरीशी एक बाई आली. कडेवर पोर, तिचा ओठ सुजलेला.

"ताई हायेत का?"

मला नाही म्हणवेना. "आत ये, बाई," मी म्हणाले, आणि चहाचं आधण ठेवलं.