डोक्यावरचा हात

पंचवीस डिसेंबरची सुट्टी आली की मला शेलूबाजारच्या आमच्या घरातली ती संध्याकाळ आठवते. बाबा दुपारीच गेले होते, अंगणात माणसं जमत होती आणि इंग्लंडला वृद्धाश्रमात नर्स असलेल्या ताईला कसं कळवावं ते कोणालाच सुचत नव्हतं. तेवढ्यात तिचाच व्हिडिओ कॉल आला. मी फोन घेऊन स्वयंपाकघरात शिरलो, मागोमाग आई आली. ताईच्या डोक्यावर हिरवा कागदी मुकुट होता, मागे तसेच मुकुट घातलेली म्हातारी माणसं नाताळचं जेवायला बसली होती. "बाबाले दे ना फोन," ती हसत म्हणाली. मी फोन आईपुढे धरला. आईने फोन हातात घेतला आणि विचारलं, "हे काय व डोक्शावर?" ताई उत्साहाने सांगू लागली, "इथं जेवणाआधी दोघं जणं कागदाची नळी दोन्हीकडून ओढतेत. फट्‌कन वाजते अन् आतून मुकुट निघते. सगळ्यायले घालाच लागते, आई!" आईने सगळं ऐकून घेतलं. लेकीला आणखी थोडा वेळ हसताना बघायचं असेल तिला. मग हळूच म्हणाली, "माय, तुहे बाबा गेले व." ताईने मान खाली घातली. मागून एक सुरकुतलेला हात आला, त्याने तो मुकुट अलगद काढला आणि तिचे केस कुरवाळले. त्या म्हातारीला आमचा एक शब्दही कळला नसणार. आज इतक्या वर्षांनीही वाटतं, तो हात आईचा असायला हवा होता.