सोतिबोल्दीचे मुके लावे

आमच्या मार्गिलान शहरातल्या चायखान्यात छताला भोपळ्याचे पिंजरे टांगलेले असतात आणि त्यांत लावे पक्षी. नर साद घालू लागला की हातातला चहा गार झाला तरी कुणी हलत नाही. या मंडळींत सोतिबोल्दीच्या शब्दाला मान होता. बोटभर पिल्लू बघून तो "हा बोलेल" म्हणाला की लोक आवाज न ऐकता घेऊन जात. सोयरीक जमवतानाही आम्ही कुणावर इतका विश्वास टाकला नाही.

गेल्या वसंतात मात्र त्याच्याकडून लोकांनी नेलेले सगळे नर मुके निघाले. छाती तांबूस, गळ्यावर काळा पट्टा, चाल नवरदेवाची. पण हूं नाही की चूं नाही.

हायित लोहार त्याला भर चायखान्यात थोरल्या भावासारखी हाक मारून म्हणाला, "आका, नर म्हणून मला तोंड न उघडणारी नवी सून तर नाही ना दिलीस?"

"तूच काहीतरी चारलं असशील," सोतिबोल्दी उसळला. "तुझ्या घणाच्या आवाजाने माणसं बहिरी होतात, पाखराचं काय घेऊन बसलास!"

मग त्याला डाळिंबवाल्याच्या नजरेचा संशय आला, मग विहिरीच्या पाण्याचा, मग माझाही. मी फक्त हसलो होतो.

इकडे घरात त्याच्या बायकोला, हुर्मातला, वेगळाच संशय. ती माझ्या बायकोच्या कानाशी लागली, म्हणून मला कळलं. "पाळी गेल्यावर अंगातून वाफा निघतात, त्यावर डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्यात. त्या कमी होतायत गं! याची बाहेर कुणीतरी आहे, आणि तीही माझ्याच वयाची!"

"मग निदान तिची गरज तरी खरी आहे," माझी बायको म्हणाली.

हुर्मात एका सकाळी तंदूरच्या आडोशाला लपली. नवरा आला, खिशातून गोळ्या काढल्या, वरवंट्याने चुरल्या आणि लाव्यांच्या माद्यांच्या राळ्यात कालवल्या.

"अरे मेल्या, माझं औषध कोंबड्यांना?"

"लाव्यांना," त्याने चूक दुरुस्त केली. "हिवाळाभर अंडी देईनात त्या. बाईमाणसाचं औषध बाईमाणसालाच दिलं ना!"

त्याची भाची नफोसत तेव्हा ताश्कंदहून आली होती. तिथे ती पाखरांच्या मेंदूवर काम करते. भांडण ऐकून ती बाहेर आली आणि कपाळावर हात मारून बसली.

"तोगा," ती मामाला म्हणाली, "या गोळ्यांत इस्ट्रोजेन असतं. माद्यांनी खाल्लं, ते अंड्यात उतरलं. आत पिल्लाचा मेंदू तयार होत असतो, पेशी एकमेकींना जोडल्या जात असतात. कुठली जोडणी करायची आणि कुठली नाही, हे लाव्यांमध्ये इस्ट्रोजेनही ठरवतं. मादी पिल्लाच्या अंड्यात ते जास्त, म्हणून ती नरासारखी साद घालत नाही. तुमच्या नरांनाही तेच मिळालं. अंगाने ते नरच, पण साद घालण्याची जोडणी नीट झालीच नाही."

"आता नराचं औषध दिलं तर?"

"भिंती उठल्यावर पायाची आखणी बदलता येते का?"

ही गोष्ट घरातच ठेवून सोतिबोल्दी दोष डाळिंबवाल्याच्या नजरेवर ढकलून मोकळा झाला असता; आम्ही मानलंही असतं, कारण त्याची नजर खरंच वाईट आहे. पण तो टोपी घालून थेट चायखान्यात आला आणि सगळ्यांसमोर हायितपुढे उभा राहिला.

"पाखरू मीच बिघडवलं. अंड्यात असतानाच. तुझ्यावर उगाच आळ घेतला. ते परत दे, पुढच्या उबवणीचं चांगलं देतो."

हायितने पुढ्यातली रोटी मोडली, अर्धी त्याच्या हातात दिली.

"हे परत नाही देणार. बायको म्हणते, घरात एक तरी नर गप्प बसणारा हवा."

चायखाना हसला. सोतिबोल्दीही हसला, जरा उशिरा.

"आणि दुसरं नेईन की," हायित चहा ओतत म्हणाला. "पण आका, आधी त्याचा आवाज ऐकेन हं."

सोतिबोल्दीने मान डोलावली आणि रोटीचा तुकडा चहात बुडवला.