टोकनबाईंनी मूळपुरुषाला बाद केलं

एकतीस वर्षं तिने इस्पितळाच्या बाह्यरुग्ण विभागात टोकनं वाटली. काचेच्या खिडकीमागे बसून नंबर पुकारायचा. तीन हाकांत माणूस उठला नाही तर टोकन बाद, मग तो मंत्र्याचा मेहुणा का असेना. निरोप समारंभात मोठ्या डॉक्टरांनी तिला विभागाचा कणा म्हटलं आणि नाव चुकीचं घेतलं.

घरी आली तर घरात रांगच नव्हती. होता फक्त नवरा. आयुष्यभर इमारतींचे नकाशे काढले आणि काचबिंदूने नजर गेली. आता संगणक त्याला सगळं वाचून दाखवायचा. वाचणारा प्रोग्रॅम फुकटातला होता. ठिकठिकाणच्या हौशी लोकांनी फावल्या वेळात मिळून लिहिलेला, कोणीही वापरावा आणि कोणीही दुरुस्त करावा असा. त्यात एक खोट होती. तारखेतल्या तिरक्या रेघेला तो ‘भागिले’ म्हणायचा.

“अगं, डॉक्टरांनी नऊ भागिले चारला बोलावलंय,” नवरा म्हणाला. “सव्वादोनला निघू या का?”

तिने प्रोग्रॅमवाल्यांना लिहिलं. उत्तर आलं, ‘छान सूचना. प्रस्ताव नोंदवा.’ नोंदवला, तर नंबर लागला चारशे तेरा. सगळ्यात जुना प्रस्ताव सात वर्षांपूर्वीचा होता. इस्पितळात निदान माणसं मरून तरी रांग कमी व्हायची.

ही यादी बघतं कोण, असं तिने विचारलं. दिवसा दरवाजे-खिडक्या करणारा आणि सुट्टीत प्रोग्रॅमचा आवाज सांभाळणारा एक सुतार होता, त्याने कळवलं, “कोणीच नाही, बाई. तुम्ही बघता का?” त्याने गंमत केली होती. ती हो म्हणाली.

कोडचं तिला ओ की ठो कळत नव्हतं. मग तिने येत होतं तेच केलं. दर सोमवारी दहा वाजता चहाचा कप घेऊन बसायची आणि नंबराप्रमाणे पत्रं धाडायची. ‘आपला प्रस्ताव अजून हवा आहे का? असल्यास काम कोण करणार?’ पंधरा-पंधरा दिवसांनी अशी तीन पत्रं, उत्तर नाही तर बाद. निम्मे लोक आपण काय मागितलं होतं तेच विसरले होते. जे बोलले त्यांच्या गळ्यात तिने काम बांधलं. एक गृहस्थ सगळ्यांच्या कामाला नुसती नावं ठेवायचे, त्यांना तिने चाचणीवर बसवलं. तिथे ते भलतेच खुलले. स्वल्पविरामानंतर आवाजाने किती थांबावं यावर दोघे तीन वर्षं भांडत होते. तिने दोघांच्या पद्धतीचे नमुने करवून घेतले आणि त्यांनाच ऐकवले. आपला कुठला ते एकालाही ओळखता आलं नाही. एक रुसून गेला, दुसरा मुकाट कामाला लागला. तोवर सगळे तिला टोकनबाई म्हणायला लागले होते.

नवऱ्याची तारीख मात्र आपल्या नंबरावरच होती.

“घरचा माणूस म्हणून तरी,” तो कुरकुरला.

“अहो, एकतीस वर्षांत मी सख्ख्या बहिणीला मधे घुसवलं नाही.”

“म्हणूनच ती आपल्याकडे येत नाही.”

सात महिन्यांनी त्याचा नंबर आला. सुताराने अर्ध्या तासात रेघ गप्प केली.

एक नंबरचा प्रस्ताव तिने मुद्दाम शेवटी ठेवला होता. तो होता हा प्रोग्रॅम पहिल्यांदा लिहिणाऱ्या माणसाचा. सगळे त्याला मूळपुरुष म्हणत. सगळा प्रोग्रॅम टाकून नव्याने लिहावा, असं त्याचं म्हणणं होतं. सात वर्षांपूर्वी त्याने ते मांडलं होतं आणि गेली दोन वर्षं तो गायब होता. तीन पत्रं गेली.

“बाई, एवढा एक सोडा,” सुतार म्हणाला. “मूळपुरुष आहेत ते.”

“असतील. हजर आहेत का?”

बाद.

चौथ्या दिवशी मूळपुरुष उगवला. सगळ्यांना दिसेल असं त्याने लिहिलं, ‘आपण या प्रोग्रॅमची एक तरी ओळ लिहिली आहे का?’ नवऱ्याच्या संगणकाने ते सपाट आवाजात वाचलं. याच प्रश्नाची तिला इतके महिने धास्ती होती.

“काय लिहू हो?”

“खरं ते लिही. खोटं तुला कधी नीट जमलंय?”

तिने लिहिलं, ‘एकही नाही. मी फक्त हाका मारते. आपल्याला तीनदा मारली.’

उत्तराची वाट बघत तिने स्वच्छ पडदे काढून पुन्हा धुतले. दुसऱ्या सकाळी सुताराने लिहिलं, ‘चारशेचे एकसष्ट प्रस्ताव राहिलेत. बाई नको असतील तर यादी मूळपुरुषांनी घ्यावी.’ यादी म्हटल्यावर मूळपुरुष गप्प. मग बाकीचेही बाईंच्या बाजूने बोलले. चौघे मात्र बाणेदारपणे बाहेर पडले आणि त्यांनी वेगळा प्रोग्रॅम काढला. तिथे म्हणे महिन्यातच ऐंशी प्रस्ताव तुंबले.

“मग मी आता करायचं तरी काय?” मूळपुरुषाने विचारलं. टोमणाच असावा. तिने तो खराच प्रश्न मानला आणि काम दिलं: माहितीपुस्तिकेच्या नवव्या पानावर चित्र नाही, ते काढून द्यावं.

दोन आठवडे तो धुमसला. मग चित्र आलं, तेही उलटं. तिने आभार मानून परत पाठवलं. दुसऱ्या खेपेला सरळ आलं, आणि खाली एक ओळ: ‘दहाव्या पानावरही चित्र नाही. मी घेऊ का?’

‘घ्या,’ तिने लिहिलं.