पायाळू सरांची कंबर

आमचे कबड्डीचे सर पायाळू होते. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्याची लाथ पाठीत बसली की कमरेतली चमक उतरते, असं आमच्याकडे मानतात. आमच्या पवनी गावात सर कबड्डीपेक्षा त्यासाठीच जास्त प्रसिद्ध. सकाळी त्यांच्या दारात कंबर धरलेली माणसं उभी असायची आणि सर चहा पिता पिता लाथा द्यायचे.

मी त्यांच्या संघात चढाई करायची. निवडीसाठी नागपूरला जायचं होतं आणि त्याच आठवड्यात सरावात पडून माझ्या कमरेत चमक भरली. सरांनी मला मैदानातच पालथं झोपवलं. दोघींनी हात धरले. लाथ बसली तशी डाव्या टाचेपर्यंत आग गेली. मी किंचाळले तर सर म्हणाले, "नखरे करून राहिली." निवड करणाऱ्यांनाही त्यांनी तेच सांगितलं, पोरीत दम नाही म्हणून. मणक्यातली गादी सरकली होती, हे पुढे डॉक्टरांकडून कळलं. त्यानंतर मी कधी चढाई केली नाही.

फिजिओथेरपी शिकले आणि भंडाऱ्यात एसटी स्टँडजवळ दवाखाना टाकला. खेळाडूंचे गुडघे, खांदे, घोटे दिवसभर हाताखालून जायचे. झालं गेलं सोडून दे, असं घरचे सांगत. माझं मन तेवढं मोठं नाही. हा माणूस कधीतरी आपल्या टेबलावर पालथा पडावा, असं मला रोज वाटायचं.

पायाळूला स्वतःच्या पाठीत लाथ मारता येत नाही, म्हणून एका सकाळी ते आलेच. संघातल्या दोन पोरींनी धरून आणलं. मला ओळखलं नाही. "मॅडम, कंबर धरली जी. पाय टेकता येऊन नाही राहिला," म्हणाले.

तपासलं. स्नायू आखडला होता, बाकी काही नव्हतं. शेकायला ठेवून मी पडद्याबाहेर आले. त्या दोघींतली कोंढा गावची पोरगी एका कुशीवर तिरकी बसली होती. मी विचारलं तशी म्हणाली, "चमक भरली जी. पायात मुंग्या येऊन राहिल्या. उद्या सर लाथ देतीन, मंग मॅच खेळीन."

माझं डोकंच फिरलं. लाथ घेऊ नको म्हटलं असतं तर तिने ऐकलं नसतं. सरांपुढे मी कोण?

मी पडदा पूर्ण बाजूला सरकवला आणि दोघींना ऐकू जाईल असं म्हटलं, "सर, शेकत कशाला बसता? माझ्या ओळखीचा एक पायाळू आहे. बोलावते. एका लाथेत मोकळे व्हाल."

सरांनी टेबलाची कड घट्ट धरली. "नाही जी मॅडम. लाथ कायले? अंदर काही तुटून गेलं तं?"

हे वाक्य त्यांच्याच तोंडून ऐकायला मी इतकी वर्षं थांबले होते. मला फार बरं वाटलं.

पोरगी भिंतीला धरून उठली. "सर, मंग माह्या अंदर नाही तुटत का?"

पोरगी शेजारच्या टेबलावर येऊन पालथी झाली.

ती मॅच ती खेळली नाही. कित्येक महिने माझ्याकडे व्यायामाला येत राहिली, मग दुसऱ्या संघात गेली. सरांची कंबरही मी मन लावून मोकळी केली, त्यात कसर ठेवली नाही. पुढच्या हंगामात त्या पोरीने सरांच्याच संघावर चढाई केली आणि गडी मारून परतली. सर मैदानाच्या कडेला ताठ उभे राहून बघत होते. मी त्यांना बरं केलं होतं ते त्यासाठीच.