टँटींचा मातीचा ताशा

१ सप्टेंबर २०२१, पेंडल हिल, सिडनी

आधी संपादक मंडळाची क्षमा मागते. फूलमती रामचरण, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या टँटी (त्रिनिदादकडे मावशीला असंच म्हणतात), पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत, आणि त्यांच्या गौरवअंकासाठी हा लेख मी जूनमध्ये, इथली थंडी सुरू होतानाच द्यायचा होता. मध्येच टँटी कोविडने हॉस्पिटलात गेल्या आणि माझा हात थांबला. आजारी माणसाचा गौरव लिहिणं म्हणजे त्याला निरोप देणं, असं वाटू लागलं. तुमच्या मेसेजना उत्तरही दिलं नाही. काल जे झालं त्यानंतर मात्र लिहायलाच हवं. मराठीत लिहिते आहे, कारण ज्याने त्याने आपल्या भाषेत लिहावं अशी खुद्द टँटींची अट आहे. "मला कळलं नाही तर तू वाचून दाखवायला येशील. चहाला सोबत होईल."

आमची ओळख वेंटवर्थव्हिलच्या मैदानात झाली. गणपतीच्या आधी आमचं पथक सराव करत होतं. हातात भाजीची पिशवी घेतलेल्या एक बाई शेवटपर्यंत ऐकत उभ्या राहिल्या, मग माझ्याजवळ येऊन इंग्रजीत म्हणाल्या, "तुमची आग कुठे आहे?"

"कसली आग?"

"ताशा तापवायची. न तापवता वाजवता कसा?"

मी त्यांना ताशाचं पान दाखवलं. प्लास्टिकचं आहे, तापवावं लागत नाही, म्हटलं. त्यांनी त्यावर टिचकी मारली आणि तोंड वाकडं केलं. "आग नाही. बरं, चहा तरी आहे का?"

त्या चहावर मला कळलं ते असं. टँटी कॅरिबियन समुद्रातल्या त्रिनिदाद बेटावरच्या. त्यांचे पूर्वज ऊस तोडायला गिरमिटावर, म्हणजे करारबद्ध मजूर म्हणून, तिकडे गेले, तेव्हा ताशाही गेला. वडील उसाच्या मळ्यात मजूर, आणि गावचे ताशेवाले. तिकडे तालाला 'हात' म्हणतात. लग्नाचा हात वेगळा, आणि होसेचा, म्हणजे मोहरमचा, वेगळा. पुढचा ताशा 'कटर', तो बोलतो. मागचा 'फुलर', तो ठेका धरतो. जो ताशा मी पुण्याचा समजून कमरेला बांधत होते, तो माझ्या पणजीच्याही आधी अर्धी पृथ्वी ओलांडून दुसऱ्या एका देशाचा झाला होता. मी थक्क झाले. आजही त्या आठवणीने होते.

थक्क होण्याचाही मला संशय येतो. 'रामचरण' आडनाव ऐकून, हरवलेलं कुणी सापडल्यासारखा आनंद मला झाला होता का? टँटींनी तो ओळखला. "बेटी, मी हरवलेली भारतीय नाही. मी त्रिनिदादची आहे. आमच्या गावात झांज वाजवणारा मुसलमान, आणि शेजारी स्टीलपॅन, म्हणजे लोखंडी पिंपाचं वाद्य, वाजवणाऱ्याचे पूर्वज आफ्रिकेतून आणलेल्यांपैकी. लग्न कुणाचंही असो, वाजवायला सगळे. ते सगळं मिळून माझा देश."

सिडनीत त्यांनी शाळेत रसायनशास्त्र शिकवलं आणि निवृत्तीनंतर गॅरेजमध्ये ताशा. फोनवर रेकॉर्ड करायला परवानगी नाही. बोल आधी तोंडाने म्हणायचे, मग काठी हातात. माझी लेक एकदा म्हणाली, "बट टँटी, इट्स ऑल ऑन यूट्यूब." टँटी म्हणाल्या, "मग यूट्यूबला वाजवू दे. तू कशाला आलीस?" लेक अजून जाते.

गेल्या वर्षी माझे वडील पुण्यात वारले. विमानं बंद होती. फोनच्या पडद्यावर सगळं पाहिलं आणि दार लावून बसले. दुपारी फाटकाबाहेरून ताशाचा आवाज आला, अगदी हळू. आमच्या शेजारच्याच घरात राहणाऱ्या टँटी मास्क लावून फुटपाथवर उभ्या होत्या. होसेत ताबुतांपुढे वाजवतात तो शोकाचा हात. आत आल्या नाहीत. वाजवून झाल्यावर छातीला हात लावला आणि गेल्या. त्यानंतर मी रडू शकले.

आता कालचं. एकतीस ऑगस्ट हा त्रिनिदाद-टोबॅगोचा स्वातंत्र्यदिन. बासष्ट साली टँटी सोळाव्या वर्षात होत्या. मध्यरात्री इंग्रजांचा झेंडा उतरून लाल-काळा-पांढरा चढला तेव्हा त्या गर्दीत होत्या, आणि उजाडल्यावर वडिलांनी गावात ताशा वाजवला. तेव्हापासून या दिवशी तो वाजला नाही, असं एकही वर्ष गेलं नाही. इथे आल्या त्या वर्षी हॅरिस पार्कच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये त्यांनी पातेल्यावर वाजवलं होतं.

यंदा मात्र लॉकडाऊन, घरापासून पाच किलोमीटरपर्यंतच जायची मुभा आणि पथक त्याच्या पलीकडे, आणि टँटी हॉस्पिटलातून नुकत्या घरी आलेल्या. झूमवर ताल जुळत नाही, ते करून पाहिलं होतं. सकाळी कुंपणापलीकडे त्यांनी शेगडी पेटवली आणि वडिलांचा मातीचा ताशा तापवायला घेतला. ताशा त्यांच्याविना गार, ओलसर गॅरेजमध्ये पडून होता. फट असा आवाज झाला. कातडं कडेपासून उसवत गेलं.

टँटींनी ताशा शेगडीवरून उतरवला. मग म्हणाल्या, "आजारातून उठलेल्याला घाई सोसत नाही. मलाही नाही, त्यालाही नाही." आवाज फार बारीक होता. पुढे म्हणाल्या, "बेटी, तुझा प्लास्टिकवाला आण. कटर तू घे. माझा दम पुरणार नाही, मी फुलर धरते."

"टँटी, हा दिवस तुमचा. मी कोण?"

"झेंडा चढला तेव्हा बाबाही हेच म्हणाले होते, आपण कोण? लोकांनी त्यांना ढकलून पुढे केलं. मला आता ढकलायची ताकद नाही. तूच हो पुढे."

भर दुपारी त्या शाल पांघरून आपल्या फाटकात खुर्चीवर बसल्या, मांडीवर दुसरा, लहान ताशा. आम्ही आमच्या ड्राइव्हवेत. माझा नवरा मिलिंद झांजा घेऊन आला. टँटी म्हणाल्या, "मिलिंद, मास्क नीट लाव. झांज तोंडाने वाजवत नाहीत." समोरच्या बॅरीने विचारलं, "व्हॉट्स द ऑकेजन, लव्ह?" टँटी म्हणाल्या, "इंग्रजांपासून स्वातंत्र्य." बॅरी म्हणाला, "लकी यू. आमच्या नाण्यावर अजून त्यांचीच राणी, आम्ही अजून वाट बघतोय, मेट."

मग वाजवलं. मध्येच मी चुकले, तालातून पूर्ण बाहेर पडले. थांबणार होते. पण टँटींचा ठेका तसूभर हलला नाही. धाप लागलेली दिसत होती, हात मात्र स्थिर. मला परत यायची जागा त्यांनी तशीच धरून ठेवली होती, आणि मी आले. आयुष्यभर त्यांनी किती जणांसाठी ती धरली असेल, हे मला तेव्हा कळलं.

संध्याकाळी त्यांनी वडिलांच्या ताशाचं रिकामं मातीचं भांडं कुंपणावरून माझ्या हातात दिलं. "पुढच्या एकतीस ऑगस्टला याच्यावर वाजवू. आगीवर तापवून. कटर मी घेणार, तू लाडावू नकोस."

टँटींचा दम परत येवो, त्यांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, आणि पुढच्या वर्षी मी फुलरवर असो.

उद्या: पेंडल हिलच्या खाटकाला फोन करून बोकडाचं कातडं सांगून ठेवणे.